लग्नासाठी आयलॅश एक्स्टेन्शन : कधी, कुठलं, आणि तेल-हळदीचं काय?

अंतरपाट

आधीचा धागा शोधला, मिळाला नाही. असल्यास लिंक द्या, हा उडवायला सांगते.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात लग्न आहे, नागपूरला. राहणं ठाण्याला. आदल्या दिवशी हळद, आणि ती तेल लावूनच, यावर आजी ठाम. लग्नात होम आहे. नंतर आठवड्याभराने गोवा. आयलॅश एक्स्टेन्शन, म्हणजे पापणीच्या केसांवर कृत्रिम केस चिकटवून घेणं, मनात आहे, याआधी कधी केलेलं नाही. नंबर उणे साडेतीन, दिवसा कॉन्टॅक्ट लेन्स, रात्री चष्मा, काजळ रोज.

दोन ठिकाणी चौकशी केली. एकीकडे 'मिंक लावू, १४ मिमी, डी कर्ल, तासाभरात होईल, दोन महिने बघायला नको' असं सांगितलं. दुसरीकडे 'क्लासिक घ्या आणि आधी पॅच टेस्ट करू' म्हणाल्या.

विचारायचं ते असं : लग्नाच्या किती दिवस आधी लावायच्या? क्लासिक की व्हॉल्यूम? पहिले २४ तास पाणी लावायचं नाही हे खरं का? तेल-हळद आणि होमाचा धूर यांचं काय करायचं? आणि काढताना स्वतःच्या पापण्याही जातात म्हणतात, ते कितपत खरं?

चिमटा_आणि_भिंग

'तासाभरात होईल, दोन महिने बघायला नको' हे ऐकलं की पर्स उचलायची आणि निघायचं.

हिशोब साधा आहे. वरच्या पापणीला साधारण ९० ते १५० केस असतात. त्यातले कोवळे, बारीक सोडून लावण्याजोगे समज ८०-१०० धर. क्लासिकमध्ये एकेक केस चिमट्याने शेजारच्यांपासून सुटा करायचा आणि त्यावर एकच कृत्रिम केस चिकटवायचा. दोन डोळ्यांचं मिळून हे दीड-दोनशे वेळा. सरावाच्या हाताला दीड ते दोन तास लागतात, व्हॉल्यूमला, म्हणजे एकेका केसावर अनेक बारीक केसांचा पंखा लावायला, अडीच-तीन. तासाभरात 'भरगच्च' करून देणारे बहुधा तयार झुपके, म्हणजे क्लस्टर, एकदम चार-पाच केसांवर चिकटवतात.

त्यात बिघडतं काय? प्रत्येक केसाचं वय वेगळं असतं. महिना-दीड महिना वाढ, मग दोन-तीन आठवडे वाढ थांबते, मग तीनेक महिने विश्रांती आणि शेवटी गळणं. शेजारी उभे असलेले दोन केस एकाच टप्प्यावर असतीलच असं नाही. त्यांना एकत्र चिकटवलं की वाढणारा केस थांबलेल्याला ओढत राहतो. आम्ही याला 'स्टिकी' म्हणतो. टोचतं, ओढ लागते, हात सारखा तिथे जातो, आणि केस वेळेआधी मुळातून उपटला जातो. महिनोन्‌महिने असंच चाललं तर ती जागा विरळ होते. 'काढताना पापण्या गेल्या' म्हणतात त्यांच्या पापण्या बऱ्याचदा लावतानाच गेलेल्या असतात, दिसतं फक्त काढल्यावर.

दोन महिन्यांचं म्हणशील तर, एका डोळ्याचे रोज दोन-तीन केस आपोआप गळतात आणि जाताना वर लावलेला केसही घेऊन जातात. १०० लावले तर १४ दिवसांत ३०-४० कमी. कुठलाही ग्लू याला अडवू शकत नाही. म्हणून रिफिल, म्हणजे गळलेल्यांच्या जागी नवे लावणं, दोन-तीन आठवड्यांनी. तोवर ४० टक्क्यांहून कमी उरले असतील तर तो रिफिल नाहीच, नवा सेट आहे, आणि पैसेही तसेच पडतात.

'मिंक' आणि 'सिल्क' ही बहुतेक वेळा नुसती नावं. हातात येतो तो पीबीटी नावाच्या प्लॅस्टिकचा तंतू. नावापेक्षा जाडी विचार. वजन जाडीच्या वर्गाच्या हिशोबाने वाढतं, आणि हे गणित ग्राहकांना कुणी सांगत नाही. ०.१५ मिमीचा एक केस म्हणजे ०.०७ मिमीचे जवळजवळ साडेचार, किंवा ०.०५ मिमीचे नऊ. उलट ०.१५ ऐवजी ०.२० घेतला तर डोळ्याला फरक कळणारही नाही, पण वजन पावणेदोन पट होतं. तेव्हा 'व्हॉल्यूम जड, क्लासिक हलकं' असं सरसकट नसतं. ०.०७ चे तीन-चार केस पंख्यासारखे उघडून लावलेला फॅन एका क्लासिक केसापेक्षा जड नसतो. अर्थात तो हाताने नीट उलगडलेला हवा, आणि बुडाशी ग्लूचा गोळा नको.

तुझ्यासाठी हायब्रिड सुचवेन. आत क्लासिक ०.१५, मधेमधे ०.०७ चे ३डी, म्हणजे तीन-तीन केसांचे, फॅन. लांबी आतल्या कोपऱ्यात ८, मध्ये १०-११, बाहेर ११. स्वतःच्या केसापेक्षा दोन-तीन मिमीच्या वर जायचं नाही. कर्ल, म्हणजे केसाचा वळसा, सी किंवा सीसी, डीपेक्षा कमी वळलेला. डी कर्ल चष्म्याच्या काचेला घासतो, आणि तू रात्री चष्मा लावतेस.

आता तारखा. पहिला सेट लग्नाच्या चार-पाच आठवडे आधी, मध्ये एक रिफिल, शेवटचा रिफिल लग्नाच्या तीन-चार दिवस आधी. पहिला सेट इतक्या लवकर का? पॅच टेस्टसाठी. पॅच टेस्ट म्हणजे दोन्ही डोळ्यांच्या बाहेरच्या कोपऱ्यात पाच-सात केस लावून ४८ तास बघायचं. त्यात काही झालं नाही म्हणजे पुढेही होणार नाही असं नाही. शरीराची ग्लूशी पहिल्यांदा ओळख होते आणि चीड पुढच्या खेपेला निघते, असंही होतं. लग्नाच्या दोन दिवस आधी पहिल्यांदाच लावून पापण्या सुजल्या तर मेकअपवालीसुद्धा काही करू शकणार नाही.

नेत्रपल्लवी

वरच्या हिशोबाला अनुमोदन. डोळ्याच्या बाजूने थोडं.

आधी शब्दांचा घोळ. मराठीत 'पापणी' म्हणजे झाकणही आणि केसही. 'पापणी दुखते' म्हणून पेशंट येतो तेव्हा नेमकं काय दुखतं ते विचारावं लागतं. पुढे मी झाकणाला पापणी आणि केसांना लॅशेस म्हणते.

ग्लू कुठल्याही ब्रँडचा असो, आतून सायनोअॅक्रिलेट. फेविक्विक, कृत्रिम नखांचा ग्लू आणि शस्त्रक्रियेनंतर कातडी चिकटवायचा ग्लू याच कुळातले. (म्हणून घरातलं फेविक्विक चालेल असा अर्थ कृपया काढू नये. काढतात.) कृत्रिम नखं लावल्यावर बोटांना कधी खाज, पुरळ आलं असेल तर लॅशेसच्या वाटेला जाऊ नका. आणि लॅशेसच्या ग्लूची अॅलर्जी निघालीच तर पुढे कुठलीही शस्त्रक्रिया असेल तेव्हा सर्जनला हे आठवणीने सांगायचं.

दोन त्रास वेगळे ओळखता आले पाहिजेत.

पहिला चुरचुरण्याचा. लावताना किंवा त्याच दिवशी डोळ्याचा पांढरा भाग लाल होतो, पाणी येतं, दिवे खुपतात. कारण ग्लूची वाफ, डोळा अर्धवट उघडा राहणं किंवा खालचं जेल पॅड बुबुळाच्या कडेला घासणं. हा सहसा एक-दोन दिवसांत उतरतो. दुखणं वाढत गेलं किंवा दिसायला अंधुक झालं तर थांबायचं नाही, त्याच दिवशी दाखवायचं, कारण काळ्या बुबुळावर ओरखडा असू शकतो.

दुसरा अॅलर्जीचा. हा उशिरा येतो, एक ते तीन दिवसांनी. पांढरा भाग फारसा लाल नसतो, पण दोन्ही पापण्या सुजतात, खाज सुटते, कातडी सुटू लागते. सकाळी जास्त. यात गोळी घेऊन लॅशेस तशाच ठेवणं हा सगळ्यात सर्रास घोटाळा. गोळीने खाज दबते, कारण जागच्या जागी राहतं आणि पुढची खेप आणखी जोरात येते. लॅशेस काढायच्या, आणि पुन्हा नाही. 'सेन्सिटिव्ह' ग्लूची वाफ कमी असते, त्यामुळे पहिल्या त्रासाला उपयोग होतो. अॅलर्जीवाल्याला त्याने हमी मिळत नाही, रसायन त्याच घराण्यातलं.

आता १४ मिमी. २०१५ साली अमेरिकेतल्या जॉर्जिया टेकच्या संशोधकांनी २२ सस्तन प्राण्यांच्या लॅशेस मोजल्या. लांबी डोळ्याच्या रुंदीच्या साधारण एक तृतीयांश निघाली, आणि वाऱ्याच्या बोगद्यात तपासल्यावर त्याच लांबीला डोळ्यावरून जाणारी हवा सगळ्यात कमी. त्याहून लांब झाल्या की त्या हवा बाहेर ठेवण्याऐवजी आत वळवतात आणि डोळा लवकर कोरडा पडतो. माणसाच्या डोळ्याची फट साधारण ३० मिमी, म्हणजे १० मिमीच्या आसपास. तुम्ही दिवसभर लेन्स लावता, कोरडेपणा आधीच असणार. १४ नकोच.

लेन्स लावताना तुम्ही वरची पापणी बोटाने ओढत असणार. ती पद्धत बदला. बोट लॅशेसच्या मुळाशी नको, भुवईखालच्या कातडीवर ठेवून पापणी वर घ्या. लॅशेस लावायला जाताना लेन्स काढून जायचं, नुसतं 'डोळे मिटलेत की' म्हणून चालत नाही. उरलेला दिवस चष्माच.

ज्यांना वरचेवर रांजणवाडी होते, पापण्यांच्या कडेला कोंड्यासारखी खपली धरते, नुकतं लेसरचं ऑपरेशन झालंय किंवा डोळ्यात रोजची औषधं चालू आहेत, त्यांनी आधी डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारावं. खपलीवर लॅशेस लावणं म्हणजे केर न काढता सतरंजी घालणं.

काजळ वरच्या आतल्या कडेला पूर्ण बंद. तेला-मेणाचं असतं, ग्लूच्या बुडाशी जाऊन बसतं. खालच्या कडेला लावलं तर रोज रात्री धुऊन काढायचं.

अंतरपाट

१४ रद्द. १०-११ वर आले. :)

नखांचा ग्लू दोनदा वापरलाय, काही झालं नव्हतं.

पाण्याचं राहिलं. एक २४ तास म्हणते, इंटरनेटवर ४८ पण आहे. आणि एकीने तर 'शक्यतो डोळे धुऊच नका' सांगितलं.

चिमटा_आणि_भिंग

'धुऊच नका' हा सल्ला जितक्या लॅशेस घालवतो तितक्या पाणी घालवत नाही.

सायनोअॅक्रिलेट पाण्याने विरघळत नाही, उलट हवेतल्या ओलाव्यानेच सुकतो. २४ तासांचा नियम पडला तो असा : बाहेरचा थर लगेच घट्ट होतो, आतला हळूहळू. अशा वेळी गरम पाण्याची वाफ किंवा घाम भरपूर लागला तर वरचा थर झटकन पांढरा, ठिसूळ होतो. हल्लीचे बरेच ग्लू लवकर पक्के होतात आणि काही टेक्निशियन काम संपल्यावर बारीक फवारा मारून किंवा बाँडर (ग्लू पक्का करणारं द्रव) लावून तिथेच ते पूर्ण करतात. तेव्हा तुझ्या टेक्निशियनने जो ग्लू वापरला त्याच्या बाटलीवरचा नियम खरा. माहीत नसेल तर एक दिवस गरम शॉवर, वाफारा आणि जिम टाळ. त्यानंतर मात्र रोज धुवायच्या.

रोज म्हणजे रोज. डोळ्यातून तेल, मेलेली कातडी, मेकअप, ठाण्याच्या रस्त्यावरची धूळ हे सगळं मुळाशी साठतं. त्यानेच खाज येते, खाजेने चोळणं, चोळण्याने गळणं. कृती अशी. लॅशेससाठीचा बिनतेलाचा फोम घे, वाटाण्याएवढा. मऊ ब्रशने मिटलेल्या डोळ्यावर मुळाकडून टोकाकडे, १०-१५ सेकंद. कडेला, जिथे केस कातडीतून निघतो तिथे, ब्रश हलकेच आडवा. ओंजळीने पाणी घेऊन फेस जाईपर्यंत धुवायचं, नळाची धार थेट नको. मग टिश्यू खालून टेकवायचा. पंच्याने खसाखसा नाही, त्याचे धागे अडकतात. ऐंशी टक्के सुकल्या की स्पूलीने, म्हणजे मस्काऱ्यासारख्या छोट्या ब्रशने, विंचरायचं, आधी टोकं, मग मध्य. चिंब ओल्या असताना विंचरल्या तर ताण मुळावर येतो.

लहान मुलांचा शाम्पू चालेल का, हे कुणीतरी विचारणारच. त्यात वास आणि मऊपणासाठी घातलेली द्रव्यं मागे थर सोडतात. एखाद्या वेळी ठीक. मायसेलर वॉटर वापरून झाल्यावर पाण्याने धुवावंच लागतं, आणि कापसाचा बोळा तर लॅशेसजवळ नकोच, त्याचे तंतू असे अडकतात की सोडवताना केस येतो.

बाकी मस्कारा नको, वॉटरप्रूफ तर नकोच. कर्लर नको, केस मोडतो. आणि पालथं झोपू नकोस. एकाच डोळ्याचा बाहेरचा कोपरा लवकर रिकामा होतो तेव्हा टेक्निशियनला दोष द्यायच्या आधी कुठल्या कुशीवर झोपतेस ते बघ.

गळलेला केस फेकायचा नाही, उजेडात धरून बघायचा. कृत्रिम केसाला तुझा केस जोडलेला आणि त्याच्या टोकाला बारीक पांढरा ठिपका, तर तो वय झाल्याने गळला, चिंता नाही. नुसता कृत्रिम केस, बुडाशी ग्लूचा कप्पा रिकामा, तर चिकटलाच नव्हता. लावताना केस तेलकट होता किंवा ग्लू जुना. दोन-तीन केस एका गोळ्यात, तर स्टिकी, त्याच दिवशी परत जाऊन सोडवून घ्यायचं.

वऱ्हाडी_ठेचा

ताई, लग्न नागपूरला आहे म्हणून हवेचं सांगतो, कारण इथे फक्त मुंबई-पुण्याच्याच हवेचा विचार चालला आहे.

बहुतेक ग्लू ४५ ते ६० टक्के आर्द्रता आणि २० ते २४ अंश तापमानासाठी बनवलेले असतात. ठाण्यात पावसाळ्यात आर्द्रता ८० च्या वर सहज जाते, तेव्हा ग्लू चिमट्यावरच सुकायला लागतो. केसाला नुसता टेकतो, गुंडाळत नाही. बुडाशी पांढुरका दिसला की समजायचं. अशा लॅशेस दोन-तीन दिवसांत झडतात. एसीने ओलावा खाली येतो, म्हणून तिथे एसी गारव्यासाठी कमी आणि ग्लूसाठी जास्त. आमच्याकडे उलट. डिसेंबरात दुपारी हवा कोरडी, खोली गार. ग्लू सुकायला वेळ घेतो, तेवढ्यात शेजारचे केस येऊन चिकटतात, आणि वाफही जास्त वेळ निघत राहते. मे महिन्यात तर आणखी गंमत. कुणी कूलर लावून काम केलं तर तो खोलीत ओलावा ओततो, म्हणजे बाहेर वाळवंट आणि खुर्चीवर कोकण.

चांगल्या ठिकाणी भिंतीवर आर्द्रता दाखवणारं घड्याळ असतं आणि दोन वेगाचे ग्लू असतात. ते दिसलं नाही तर विचारा. ग्लूची बाटली उघडल्याची तारीख लिहिलेली असावी, उघडल्यावर महिना-दीड महिना चालते. प्रत्येक खेपेला नीट हलवायची, आणि थेंब १५-२० मिनिटांनी बदलायचा. दोन तास एकाच थेंबात बुडवून काम करणारा माणूस दुसऱ्या तासाला डिंकाने चिकटवत असतो.

शेवटचा रिफिल ठाण्यातच करून या. नव्या जागी नवा ग्लू, नवा हात, हे लग्नाच्या दोन दिवस आधी नको.

तेलाबद्दल : 'तेल लागलं की ग्लू सुटतो' हे थोडं वाढवून सांगतात. पक्का झालेला ग्लू तेलाच्या एका थेंबाने विरघळत नाही. पण तेल केसावर थर धरून बसतं, पुढचा रिफिल त्यावर टिकत नाही, आणि रोज रोज लागलं तर पकड सैल होते हेही खरं. एका हळदीने आकाश कोसळत नाही.

चिमटा_आणि_भिंग

@वऱ्हाडी_ठेचा, एका हळदीचं मान्य. पण हळदीला एका बाईचा हात नसतो. दहा करवल्या, पाच माम्या, आणि प्रत्येकीला गालावरून हात वर न्यायचा असतो. पातळ तेलकट हळद डोळ्यात गेली की नवरी डोळे चोळते. लॅशेस त्या चोळण्याने जातात.

म्हणून हळद घट्ट कालवायची, तेलाचं प्रमाण चेहऱ्यापुरतं कमी, हातापायाला हवं तितकं. गालाच्या हाडाच्या वर आणि कपाळावर फक्त टिळ्यापुरती. हे आधी एखाद्या मोठ्या बाईला सांगून ठेव. नवरीने त्या क्षणी सांगितलेलं कुणी ऐकत नाही. झाल्यावर दोन तास तशीच बसू नकोस, चेहरा धुताना आधी लॅशेस फोमने, मग बाकी चेहरा. हळदीचा पिवळा रंग काळ्या लॅशेसवर दिसत नाही, पण मुळाशी कण राहतात, तिथे ब्रश फिरव. आणि उटणं दरदरीत असतं, ते डोळ्यांपासून दूर.

खडूस_काकू

सगळं वाचलं. महिनाभर आधी सेट, दोन रिफिल, रोज धुणं, झोपायची कूस बदलायची, आणि हे सगळं एका दिवसाच्या फोटोंसाठी?

बाळ, लग्नापुरतंच हवं असेल तर स्ट्रिप लॅश, म्हणजे कृत्रिम केसांची तयार पट्टी, लाव. पट्टी डोळ्यावर धरून मापायची, बाहेरच्या बाजूने कापायची, आतल्या कोपऱ्यापासून चार-पाच मिमी सोडून बसवायची. ग्लू लावल्यावर लगेच चिकटवायची नाही, ३०-४० सेकंद थांबायचं, तो चिकट झाला की मग. पट्टी कडक असेल तर आधी पेन्सिलीभोवती गुंडाळून मऊ करायची, नाहीतर कोपरे उचलतात. अंदाजे निम्मी लांबी असलेली, नुसती बाहेरच्या अर्ध्या डोळ्याला लावायची पट्टी होमासमोर जास्त टिकते. स्ट्रिपच्या काही ग्लूत लॅटेक्स असतं. फुगे, रबरी हातमोजे यांनी खाज येत असेल तर डब्यावर बघून घे. रात्री काढून ठेवायची, संपलं.

नाहीतर लॅश लिफ्ट. स्वतःचेच केस सिलिकॉनच्या पट्टीवर वळवून औषधाने तसे बसवतात, सहा ते आठ आठवडे राहतं. रिफिल नाही, काजळ-मस्कारा चालतो. केस फार आखूड असतील तर मात्र दिसत नाही.

अंतरपाट

काकू, मुद्दा पटला, पण गोव्यालाही हव्या आहेत. :)

उरलेलं विचारते. होमाचा धूर? मेकअपवाली म्हणतेय की ती वरून स्ट्रिपही लावेल, 'फोटोत उठाव येतो'. आणि शेवटी काढायच्या कशा?

चिमटा_आणि_भिंग

वरून स्ट्रिप नाही. तिचा ग्लू एक्स्टेन्शनमध्ये शिरतो आणि पट्टी ओढताना दोन्ही येतात. तिला लॅशेसचा फोटो आधीच पाठव, म्हणजे आयलायनर कोणतं वापरायचं ते ती ठरवेल. पाण्याने निघणारं, बिनतेलाचं. पावडर आयशॅडो लावताना लॅशेसवर पडते, तिला शेवटी स्वच्छ स्पूली फिरवायला सांग. डोळ्याजवळ तेलकट प्रायमर किंवा क्लिन्झिंग बाम नको. रात्री मेकअप काढायला घाईत तोच हाताशी येतो, म्हणून फोमची बाटली लग्नाच्या बॅगेतच टाक.

धूर आणि अश्रू यांनी काही होत नाही. चोळण्याने होतं. टिश्यूची त्रिकोणी घडी करून टोक खालच्या पापणीला टेकवायचं, पाणी त्यात ओढलं जातं. पाठवणीला तीच घडी. होमाच्या ज्वाळेवर वाकून आहुती टाकू नकोस. पीबीटी म्हणजे प्लॅस्टिक, आच लागली की टोकं वळतात आणि पुन्हा सरळ होत नाहीत. घरी गॅसवर फोडणी टाकताना, ओव्हन उघडताना हेच.

गोव्यात समुद्रात किंवा पूलमध्ये जायला हरकत नाही. मीठ आणि क्लोरीन केसावर सुकू द्यायचं नाही, बाहेर आल्यावर साध्या पाण्याने धुऊन फोम. सनस्क्रीन डोळ्यापासून बोटभर लांब, ते घामाबरोबर खाली-वर पसरतं. स्कूटर घेणार असशील तर काच खाली केलेलं हेल्मेट, वाऱ्याने लॅशेस उलट्या फिरतात आणि डोळ्यात वाळू जाते.

काढणं : सलूनमध्ये, क्रीम किंवा जेल रिमूव्हरने. पातळ रिमूव्हर डोळ्यात ओघळतो. खालच्या लॅशेसवर पॅड, डोळे मिटलेले, क्रीम फक्त जोडाच्या जागी, कातडीवर नाही. पाकिटावर लिहिलेली मिनिटं थांबायचं, बहुधा पाच-दहा. मग दोन ब्रशनी सरकवल्या की लॅशेस घसरून येतात. ओढावं लागतंय म्हणजे वेळ झालेली नाही, पुन्हा क्रीम. नंतर दोनदा फोमने धुणं. घरी खोबरेल तेल लावून, वाफ घेऊन, नखाने ओढून काढायच्या नाहीत. तुझ्या पापण्या खरोखर जातील त्या अशा वेळी.

काढल्यावर आठवडाभर डोळे बोडके वाटतील. केस तेवढेच असतात, नजरेला भरगच्चपणाची सवय झालेली असते. आत्ताच, काही लावायच्या आधी, दोन्ही डोळ्यांचे मिटलेले आणि उघडे असे जवळून फोटो काढून ठेव. नंतर भांडायला आणि समजूत पटायला तेच कामाला येतात.

नेत्रपल्लवी

एक राहिलं, घाईत कुणालाच आठवत नाही म्हणून. लावताना किंवा काढताना काहीही डोळ्यात गेलं तर स्वच्छ पाण्याने १५-२० मिनिटं धुवायचं, लेन्स असेल तर काढून. ग्लूने पापण्या एकमेकींना चिकटल्या तर जबरदस्तीने उघडायच्या नाहीत आणि रिमूव्हर तर अजिबात नाही. ओलं फडकं ठेवून सरळ डोळ्यांच्या डॉक्टरांकडे.

आणि जागा निवडताना चिमटे कशात ठेवलेत ते बघा. दोन ग्राहकांच्या मध्ये ते नुसते टिश्यूने पुसून पुढच्या डोळ्याला लावत असतील तर तिथला ग्लू कितीही चांगला असू दे. स्पूली आणि टेप प्रत्येकाला नवीन. भिंतीवर टांगलेलं शॉप अॅक्टचं प्रमाणपत्र दुकानाचं असतं, हाताचं नाही. जपानमध्ये २००८ पासून सरकारने हे काम परवानाधारक ब्युटिशियनच्या कक्षेत धरलं आहे. तुम्हाला मात्र स्वतःच विचारावं लागेल, शिक्षण कुठे घेतलं, क्लासिक वेगळं शिकलात का आणि व्हॉल्यूम वेगळं.

अंतरपाट

सगळ्यांचे आभार. दुसरीकडे, म्हणजे पॅच टेस्टवाल्यांकडे, पुढच्या शनिवारची वेळ घेतली. भिंतीवर आर्द्रतेचं घड्याळ आहे का विचारलं तर फोनवरच '५२ टक्के' असं सांगितलं.

आजीला हळद घट्ट कालवायचं सांगितलंय. तेलाची वाटी वेगळी ठेवते म्हणाली, पायांसाठी.